हंडरगुळे सरांचं आधीच झालेलं वर्ष

हंडरगुळे सर उद्याबद्दल नेहमी भूतकाळात बोलायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे मला दुसरीच कोणीतरी समजतायत. जून महिना होता. माझे वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत पॉइंट्समन. तिथून निघून, एक रेल्वे आणि दोन एस.टी. बदलून मी औसा तालुक्यातल्या खरबवाडीच्या हायस्कुलात विज्ञानाची शिक्षिका म्हणून हजर व्हायला आले होते. पहिलीच नोकरी. हातात ट्रंक, तोंडावर रस्त्याची धूळ. शाळेच्या दारात पायजमा-शर्टातले एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. खिशाला तीन पेनं. त्यांनी माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाले,

"बाई, डिसेंबरात तुम्ही विज्ञान प्रदर्शन लई सुंदर भरवलंत. अभिनंदन."

मी म्हटलं, "सर, मी आजच आलेय."

"हाव, म्हाईत हाय. म्हणून तर आज सांगून राहिलो. तयारीला सहा महिने भेटतात."

हे विश्वनाथ हंडरगुळे. इतिहास-भूगोल शिकवायचे आणि शाळेचे उपक्रमप्रमुख होते. इतर शाळांत वार्षिक अहवाल एप्रिलमध्ये लिहितात. सर तो जूनमध्ये, शाळा उघडायच्या आत लिहून मोकळे व्हायचे. खाकी कागदाचं कव्हर घातलेली जाडजूड वही. आत सुवाच्य अक्षरात सगळं वर्ष होऊन गेलेलं. वृक्षारोपण उत्साहात पार पडलं, मुलींचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला आला, कंधारच्या किल्ल्याची सहल संस्मरणीय ठरली. मग तिथून पुढचे दहा महिने सर शाळेला त्या वहीप्रमाणे वागायला लावायचे.

मी विचारलं, "सर, हे उलटं नाही का?"

"उलटं तर बाकीचे करतात, बाई. वर्ष सरल्यावर लिहिणारा माणूस थकलेला असतो. थकलेला माणूस खोटं लिहितो. जे झालं न्हाई तेबी झालं म्हणतो. मी आधी लिहितो. मग खोटं लिहायचा सवालच न्हाई. फक्त खरं करायचं राहतं."

या बोलण्यात कुठेतरी चूक आहे हे मला कळत होतं. ती नेमकी कुठे आहे, ते मला वर्षभर सापडलं नाही.

शाळा चार खोल्यांची. आठवी, नववी, दहावी आणि एक ऑफिस. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती दोन वर्षं अंगावर एकही शेरा न येता काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यामुळे ते कशालाच हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. "बघू" म्हणत. हंडरगुळे सर त्यांच्यापुढे जाऊन म्हणायचे, "सर, येत्या गुरुवारच्या श्रमदानाला तुम्ही अध्यक्ष होतात. भाषण फार गाजलं." मुख्याध्यापक म्हणायचे, "बघू." आणि गुरुवारी मुकाट्याने अध्यक्ष व्हायचे, कारण झालेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

शिपाई गफूरचाचा एवढंच म्हणायचे, "बाई, इनके घड्याल में कल पहले बजता, आज बाद में."

जूनमध्ये एकदा पाऊस झाला. चांगला झाला. सरांनी लगेच शंभर खड्डे खोदून घेतले आणि शंभर रोपं लावली. त्यानंतर पाऊस जो गेला, तो गेलाच. जुलैअखेर शाळेची विहीर तळाला लागली. गावात दिवसाआड टँकर यायला लागला आणि टँकर आला की वर्गात पोरं राहायची नाहीत. घागरी घेऊन पळायची. मुख्याध्यापकही पळायचे, पण जरा सावकाश.

अहवालात लिहिलेलं होतं, "लावलेली शंभरही झाडे जोमाने वाढली." सरांनी मुलांना सांगितलं, घरी भांडी धुतलेलं पाणी तांब्याभर आणा. मुलं आणायची. पण पुढेपुढे घरी भांडीच राखेने घासून फडक्याने पुसायला लागले, तेव्हा तांबेही रिकामे यायला लागले. रोपं एकेक करून वाळली. सर रोज सकाळी खड्ड्याखड्ड्यावर उभे राहून वाळल्या काडीकडे अशा नजरेने बघायचे, की गृहपाठ न आणलेल्या पोराकडेही कधी बघितलं नसेल.

एक दिवस मी शाळेत आले तर सर घामाघूम होऊन माळावरून येत होते. बरोबर दहावीचा अख्खा वर्ग. प्रत्येकाच्या हातात मुळासकट उपटलेली रुई. कुणाकडे निवडुंग, कुणाकडे घायपात. संध्याकाळपर्यंत शंभर खड्डे भरले.

"सर, हे काय?"

"झाडं."

"ही कोण लावतं?"

"कोणी लावत न्हाई म्हणूनच जगतात, बाई. मी वहीत जात लिहिली न्हाई. झाड एवढंच लिहिलं."

शंभरच्या शंभर जगली. तालुक्यात त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही शाळेला हे जमलं नाही.

ऑगस्टात आमचा जिल्हा बदलला. आम्ही निजलो उस्मानाबाद जिल्ह्यात आणि उठलो लातूर जिल्ह्यात. गावाला आनंद झाला. नेमका कशाचा, ते कोणी सांगू शकत नव्हतं. पण लातूर जवळ आणि उस्मानाबाद लांब, एवढं सगळ्यांना कळत होतं. शाळेपुढे मात्र संकट उभं राहिलं. शिक्का जुन्या जिल्ह्याचा. मुख्याध्यापकांनी नवा शिक्का येईपर्यंत कशावरच शिक्का मारायचा नाही, असा निर्णय घेतला आणि दोन महिने अत्यंत समाधानात काढले.

हंडरगुळे सरांचीही पंचाईत झाली. वहीत जागोजागी 'उस्मानाबाद जिल्ह्यात' असं लिहिलेलं. त्यांनी लिहिलेली ओळ कधी खोडली नव्हती. त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर 'लातूर' लिहिलं आणि डिंकाने चिकटवत बसले. मी मदतीला बसले. सर त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. मला वाटलं, खाडाखोडीचं दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रभातफेरीच्या पुढे तेच होते. "नवा जिल्हा झाला आहे!" असं ओरडायचे आणि पोरांनी पुढे म्हणायचं, "दुष्काळ पळाला आहे!" रस्त्याच्या कडेला रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया हे ऐकून हसत होत्या. मुख्याध्यापकांनी भाषण केलं. "नव्या जिल्ह्यात आपल्या शाळेचा उत्कर्ष होईल का, तर बघू," असा त्याचा मथितार्थ होता. मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. खो-खोच्या मुलींना सर म्हणाले, "पोरींनो, जिल्हा कोरा करकरीत हाय. अजून त्यात कोणी पहिलं आलेलंच न्हाई. जागा रिकामी हाय, जाऊन बसायचं फक्त."

डिसेंबरात मी विज्ञान प्रदर्शन भरवलं. भरवणं भाग होतं, जूनमध्येच अभिनंदन झालं होतं. सगळ्यात चांगला प्रयोग दहावीतल्या सुजाताचा. खो-खोची कप्तान, काळीसावळी, चपळ, बोलायला फटकळ. तिने एकावर एक तीन माठ मांडले होते. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, आणि खालच्या माठात गढूळ पाणी नितळ होऊन उतरायचं. त्या गढूळ पाण्यासाठी ती पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहिली होती.

तालुक्याहून साहेब आले ते जीपमधून, उन्हाच्या तडाख्यात, घशाला कोरड पडलेले. ते थेट सुजाताच्या माठांपुढे थांबले. तिने पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "पाण्यातील अशुद्ध घटक..." तेवढ्यात साहेबांनी खालच्या माठाखालचा पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. मग दुसरा भरून घेतला, तोही प्यायले. सुजाता माझ्याकडे बघायला लागली. प्रयोगच संपला होता.

"उत्तम," साहेब मिशा पुसत म्हणाले, "फार उत्तम प्रयोग आहे."

हंडरगुळे सरांनी मला ओढत ऑफिसात नेलं आणि वही उघडून बोट ठेवलं. जूनमधलं वाक्य होतं, "मान्यवरांनी प्रदर्शनाचा मनमुराद आस्वाद घेतला."

इथपर्यंत मी हे सगळं पत्रातून घरी लिहीत होते आणि मुदखेडला आमचे वडील ती पत्रं शेजाऱ्यांना वाचून दाखवत होते. त्यानंतर लिहिण्यासारखं थोडं वेगळं व्हायला लागलं.

वहीत एक ओळ होती. "या वर्षी एकाही विद्यार्थ्याने शाळा सोडली नाही." मी ती आधी वाचली होती, पण अशी ओळ सगळ्याच अहवालांत असते म्हणून सोडून दिली होती. जानेवारी लागता लागता गाव रिकामं व्हायला लागलं. दोन कोसांवर रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं. आईबाप कामावर, त्यांच्या मागे पोरं. दहावीत सव्वीस जण होते, त्यांतले सहा यायचे बंद झाले. त्यांत सुजाता.

सर त्याच दिवशी सायकलवर गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, काल तुम्ही माझ्यासंगं तलावावर आलात."

"काल मी घरी होते, सर."

"मग आज चला."

तलाव म्हणजे उघड्या माळावरचा एक मोठा खड्डा. तीनेकशे माणसं माती खोदत, पाट्या वाहत होती. वरून ऊन, खालून फुफाटा. सुजाता डोक्यावर पाटी घेऊन चढत होती. आम्हाला बघून तिने पाटी टाकली नाही, फक्त मान दुसरीकडे फिरवली. तिची आई पुढे आली, पदराने तोंड पुसत.

"तुमी कशाला आलाव, म्हाईत हाय सर," ती म्हणाली. "पर तिच्या बाच्या पाठीत उसण भरलीय. उठता येईना. मी एकलीनं खोदू का वाहू?"

सर म्हणाले, "मार्चात सुजातानं परीक्षा दिली, माय."

"कुटं दिली? मार्च अजून आला तर पायजे."

"आला. सुजाता पास बी झाली."

सुजाताची आई एकदम चिडली. "सर, तुमचं हे बोलणं शाळंत चालतंय. हितं न्हाई चालत. हितं आज खोदलं तर आज चूल पेटती. मला काय तिला माती वाहाया लावायची हौस हाय व्हय?"

तिचा आवाज फुटला. माझ्या घरासारखंच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर होतं ते. शिक्षण काय असतं, हे त्या बाईला आम्ही जाऊन सांगायची गरज नव्हती. मला फार लाज वाटली. मी सरांच्या बाहीला हात लावून म्हटलं, "चला, सर."

सर हलले नाहीत. पण त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, "तुमचं खरं हाय, माय. मी चुकलो. तिला कामावरून काढू नका. जेवणाची सुट्टी किती असते?"

"तास-दीड तास."

"अन् काम सुरू किती वाजता होतं?"

मग ते मुकादमाकडे गेले. मुकादम बाभळीच्या सावलीत मस्टर मांडीवर घेऊन बसला होता. सरांनी त्याचा हात हातात घेतला आणि दाबला.

"मुकादम, तुम्ही शिक्षणाला फार मोठं सहकार्य केलंत. रोज सकाळी अर्धा तास अन् दुपारची सुट्टी, या बाभळीखाली जागा दिलीत. एवढं कोण करतं आजकाल? शाळा तुमची आभारी हाय."

मुकादम गोंधळला. त्याने मस्टर चाळून बघितलं, जणू त्यात कुठे असं लिहिलेलं आहे. मग म्हणाला, "त्यात काय मोठं, सर. आपलं कर्तव्यच हाय ते."

अशी खरबवाडीच्या हायस्कुलाची पाचवी खोली बाभळीखाली सुरू झाली. सकाळी सर, दुपारी आळीपाळीने मी आणि गणिताचे सर. फळा म्हणून ओल्या मुरुमाची सपाट केलेली जागा आणि लिहायला काडी. मी तिथे तरफ शिकवली, ती पहारीनेच. मुलं भाकरी खात ऐकायची; हाताला फोड आलेले, त्यामुळे लिहायला कमी आणि तोंडी जास्त. रविवारी शाळेला सुट्टी असायची, पण कामाला नसायची. त्यामुळे रविवारीही सर तिथेच. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हाला घरदार काही?" ते म्हणाले, "हाय न," आणि सायकल पुसायला लागले. गावात ते एका खोलीत एकटे राहायचे, स्टोव्हवर भात करायचे. मी धरून चालले होते, की माणूस बिनलग्नाचा असणार. असल्या माणसाशी कोण लग्न करेल, असंही माझ्या मनात आलं होतं, ते आज कबूल करते.

खो-खोचा संघ लातूरला जाऊन उपान्त्य फेरीत हरला. सुजाता आदल्या दिवशीपर्यंत माती वाहत होती. तिचे पाय उठेनात. सरांनी परत आल्यावर वहीत 'पहिला' या शब्दावर एक पट्टी चिकटवली आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भूगोलाच्या तासाला म्हणाले, "पुढल्या वर्षी आपण पहिले आलो," आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दहावीचे काही कागद द्यायला सर आणि मी लातूरला गेलो. नवं ऑफिस अजून मांडायचंच चाललं होतं. टेबलाजवळचे कारकून सरांना ओळखत होते. कागद घेता घेता म्हणाले,

"हंडरगुळे, तुमचा विकल्प काही आला नाही."

"न्हाई आला," सर म्हणाले.

"आज शेवटचा दिवस आहे. ज्यांना जुन्या जिल्ह्यात जायचंय त्यांनी आजच लिहून द्यायचंय. तुमच्या मिसेस परंड्यालाच आहेत ना?"

मी सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते.

"परंड्यालाच हाय. प्राथमिक शाळेत."

"मग? इतकी वर्षं बदलीचे अर्ज करत होतात की. तेव्हा एक जिल्हा होता, होईल होईल म्हणता येत होतं. आता दोन झाले. ही संधी गेली तर तुम्ही इकडे आणि त्या तिकडे. पुन्हा कोणी विचारणार नाही." त्यांनी एक फॉर्म सरांपुढे सरकवला. "भरा. पाच मिनिटांचं काम."

सरांनी खिशातलं एक पेन काढलं. फॉर्म वाचला. मग विचारलं, "आज भरला तर तिकडे हजर कधी व्हायचं?"

"पंधरा दिवसांत."

"अन् माझ्या जागी कोण?"

"सध्या कोणी नाही. जूनमध्ये बघतील."

बाहेर कुठेतरी खुर्च्या ओढत न्यायचा आवाज येत होता. सरांनी पेन फॉर्मवरच्या नावाच्या रकान्यावर टेकवलं. मग त्यांनी टोपण लावलं, फॉर्म नीट घडी करून परत कारकुनांना दिला आणि उठले.

"चला बाई, बस चुकंल."

बसमध्ये मी भांडले त्यांच्याशी. खरंच भांडले. लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, "सर, ती सहा मुलं आमची कोणी नाहीत का? मी होते, गणिताचे सर होते. आम्ही बाभळीखाली गेलो असतो. तुम्हाला एकट्यालाच काय मक्ता दिलाय?"

"तुम्हाला इतिहास-भूगोल येतो का?"

"नाही येत. शिकले असते."

ते थोडं हसले. मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागले. लग्नाला नऊ वर्षं झालेली. शकुंतलाबाई त्यांच्याआधीपासून नोकरीत. दर दुसऱ्या शनिवारी शाळा सुटली की लातूर, तिथून बार्शी, तिथून परंडा, पोचायला संध्याकाळ. रविवारी दुपारी जेवून परत. "निम्मी सुट्टी एस.टी.तच गेली, बाई. पण ती दार उघडायची तेव्हा..." मग तिकिटाची घडी घालत म्हणाले, "जानेवारीपासून जाणं झालं न्हाई. रविवारी तलाव असतो न."

"त्यांना सांगितलंत? फॉर्मचं?"

"तिचंच पत्र आलतं. परीक्षेच्या तोंडावर पोरं सोडून आलात तर दार उघडणार न्हाई, म्हणून. पण फॉर्म समोर आला की वाटलं, उघडंल. रागवंल, पण उघडंल."

किल्लारीच्या फाट्यावर गाडी थांबली, माणसं चढली-उतरली.

मार्चमध्ये औशाला परीक्षा झाली. रोजच्या जाण्यायेण्याला वेळेवर गाडी नव्हती, म्हणून तलावावरच्या सहा जणांसाठी सरांनी तिथे दोन खोल्या मिळवल्या. बाकीच्यांची सोय त्यांच्या घरच्यांनी केली होती. त्या दिवसांपुरतं सुजाताच्या आईच्या जोडीला मातीवर सुजाताची मावशी येऊन राहिली. सहांत तीन मुली होत्या, त्यांच्यासोबत बाईमाणूस हवं. माझे आठवी-नववीचे वर्ग चालू. मी मुख्याध्यापकांकडे रजा मागितली, ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघून व्हायच्या आत परंड्याहून शकुंतलाबाई रजा काढून औशाला येऊन दाखल झाल्या होत्या.

मी शनिवारी भेटायला गेले. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि थापता थापता मुलींना नागरिकशास्त्र विचारत होत्या. सर उंबऱ्यात बसून कांदा चिरत होते.

"बारीक चिरा, अहो. पोरांना खायचाय, वर्गात वाटायचा नाहीये," त्या म्हणाल्या.

सर बारीक चिरायला लागले. मी त्यांना कुणाचं काही इतक्या पटकन ऐकताना बघितलं नव्हतं. मुलींनी मला कोपऱ्यात ओढून सांगितलं, की ताई आम्हाला पहाटे उठवतात, वेण्या घालतात, आणि पेपर झाला की एक प्रश्नही विचारत नाहीत; आधी जेवायला वाढतात. त्या दोन खोल्यांत सहा मुलं आणि ती दोघं असे आठ जण अकरा दिवस राहिले. नऊ वर्षांत सलग इतके दिवस एका छपराखाली त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय मिळाले नव्हते, हे शकुंतलाबाईंनीच मला हसत हसत सांगितलं.

सहाही पास झाले. सुजाताला पहिला वर्ग मिळाला. पुढे ती नांदेडला नर्सिंगला गेली आणि वर्षभर मुदखेडला आमच्याच घरी राहून रेल्वेने ये-जा करायची. सर आणि शकुंतलाबाई एका गावात यायला त्यानंतर आणखी सात वर्षं लागली. त्यासाठी शेवटी शकुंतलाबाईंनाच त्यांची नोकरी सोडावी लागली. त्याबद्दल कोणी कुठे अहवाल लिहिला असेल, असं मला वाटत नाही.

पण मला जास्त आठवतो तो शेवटच्या पेपरचा दिवस. मुलांना परत न्यायला मी औशाला गेले होते. पेपर सुटला, पोरं ओरडत बाहेर आली, शाईचे हात एकमेकांच्या पाठीला पुसले. दुपारी आम्ही सगळे स्टँडवर आलो. शकुंतलाबाईंना बार्शीची गाडी, आम्हाला निलंग्याची. बार्शीची आधी लागली. गर्दी होती. सरांनी खिडकीतून रुमाल टाकून त्यांची जागा धरली, पिशवी आत दिली, मग खाली येऊन खिडकीशी उभे राहिले. शकुंतलाबाई म्हणाल्या, "स्टोव्हची पिन बदला." सर म्हणाले, "हाव." त्या म्हणाल्या, "आणि रोज भात खाऊ नका." सर म्हणाले, "न्हाई."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. शकुंतलाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, तो मुलांसाठी हलवला, आणि मग पटकन पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सर गाडीबरोबर चार पावलं चालले. मग भराभर चालले. मग ते काटकुळे गृहस्थ पायजमा एका हाताने वर धरून चक्क पळायला लागले आणि मागच्या दाराची दांडी पकडून वर चढले.

"बाई, पोरं सांभाळा!" ते दारातून ओरडले.

मी आणि सहा मुलं तोंडं उघडी टाकून बघत होतो. गाडी स्टँडच्या फाटकातून वळली. खिडकीतून आम्हाला दिसलं, सर गर्दीतून वाट काढत पुढे सरकत होते आणि शकुंतलाबाई आपल्या शेजारच्या बाईला उठवून जागा करून देत होत्या.

"आता सर कधी येतील, बाई?" सुजाताने विचारलं.

मी म्हटलं, "कधीही येऊ देत," आणि आम्ही निलंग्याच्या गाडीची वाट बघत सावलीत जाऊन बसलो.